सुरूच न होणारे संगणक : १९ जुलै २०२४ चा धडा

शुक्रवार, १९ जुलै २०२४. देशातील कार्यालये उघडत असतानाच अनेक ठिकाणचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. ते आपोआप पुन्हा सुरू होत आणि सुरू होता होताच पुन्हा कोसळत. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट या विमान कंपन्यांचे कामकाज विस्कळीत झाले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशाला हाताने लिहून दिलेल्या बोर्डिंग पासचे छायाचित्र दिवसभर देशात फिरत राहिले.

पहिली शंका सायबर हल्ल्याची होती. तथापि निदानाची दिशा मिळाली ती काय बिघडले नव्हते यावरून. मॅक आणि लिनक्सवरील यंत्रे सुरळीत होती. विंडोजवरील बहुसंख्य यंत्रेही चालू होती. सरकारी एनआयसीचे जाळे अबाधित होते. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली होती. म्हणजे दोष विंडोजमध्ये सर्वत्र नव्हता, तर ज्या विंडोज यंत्रांवर क्राउडस्ट्राइक कंपनीची ‘फाल्कन’ ही सुरक्षा प्रणाली होती, त्यांच्यापुरता होता. त्यांतही जी यंत्रे एका ठरावीक वेळेत इंटरनेटला जोडलेली होती, तीच सापडली होती.

ती वेळ अवघ्या ७८ मिनिटांची होती. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने एक छोटी अद्ययावत फाइल पाठवली आणि १०.५७ ला ती मागे घेतली. फाल्कनचा एक भाग २१ नोंदी वाचण्यासाठी रचलेला होता, पण त्याला प्रत्यक्षात २०च पुरवल्या जात होत्या. हा दोष फेब्रुवारीपासून दडून होता, कारण तोवर एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असेच चिन्ह असल्याने ती नोंद तपासण्याची वेळच आली नव्हती. १९ जुलैच्या फाइलने ती प्रथमच तपासायला लावली. प्रणालीने स्मृतीतील आपल्या हद्दीबाहेरची जागा वाचली आणि संगणक कोसळला.

एखादे साधे ॲप असे चुकले, तर तेवढेच बंद पडते. फाल्कनचा हा भाग मात्र कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालतो. तेथील चुकीनंतर माहितीची आणखी हानी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःहूनच थांबते. निळा पडदा हा त्या थांबण्याचाच संकेत असतो. शिवाय घातक प्रोग्रॅमना आधी शिरकाव मिळू नये, यासाठी ही प्रणाली संगणक सुरू होण्याच्या अगदी आरंभीच्या टप्प्यात चढते. पहारेकरी सर्वांत आधी दारात उभा असावा, ही रचना योग्यच होती. परंतु आता त्याच दारात तो कोसळला होता आणि वाट अडली होती. बहुतेक यंत्रे नेटवर्कपर्यंत पोहोचतच नव्हती, त्यामुळे दुरुस्त फाइल त्यांना दुरून पाठवण्याचा मार्ग खुंटला.

उपाय तसा पाच मिनिटांचा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक घटकांसह सुरू करायचा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल शोधून पुसायची, आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. पण हे प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावे लागणार होते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकांची रिकव्हरी की हवी. आणि काही संस्थांत त्या किल्ल्यांची नोंद ज्या सर्व्हरवर होती, तोच कोसळलेला होता! मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख यंत्रे बाधित झाली. विंडोजच्या एकूण यंत्रांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

‘सर्ट-इन’ने त्याच दिवशी उपायाच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या. २० जुलैच्या पहाटे ३ पासून देशातील विमानतळांवरील यंत्रणा पूर्ववत झाल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने कळवले. पुढे क्राउडस्ट्राइकने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे धोरण स्वीकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरू न होणारा संगणकही दुरून दुरुस्त करता यावा, अशी सोय जाहीर केली.

घरचा लॅपटॉप वारंवार कोसळू लागला, तर क्रम हाच असतो. शेवटचा बदल कोणता झाला, हे आठवावे. सेफ मोडमध्ये तो टिकतो का, ते पाहावे. टिकला, तर दोष बहुधा नंतर चढणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये असतो. तेथेही न टिकल्यास संशय मेमरी, डिस्क वा उष्णतेकडे वळवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बाहेर जपून ठेवावी. त्या शुक्रवारी अनेकांची सुटका ती हाताशी असण्यावरच अवलंबून होती.