आधी उकळलं, मग गाळलं

तुमच्या स्वयंपाकघरात आरओ असेल, तर त्यातला पडदा तुम्ही कधीतरी बदलून घेतला असेलच. मी अशाच पडद्यांवर संशोधन करतो. कुवेतसारख्या नदी नसलेल्या देशाने तो पहिल्या संधीला उचलला असेल, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही, आणि याचं कारण मीना अल-अहमदीला सापडतं.

तेलाआधी कुवेतला गोडं पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांनी येई. खांद्यावरच्या दांडीला दोन डबे अडकवून 'कंदरी' ते घरोघर पोचवत. आपली कावडच ती! 1946 साली मीना अल-अहमदीहून कच्चं तेल निघू लागलं. 1951मध्ये तिथेच कुवेत ऑइल कंपनीने समुद्राचं पाणी गोडं करणारा लहानसा कारखाना उभारला. दिवसाला 80,000 गॅलन, म्हणजे आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या छत्तीसेक खेपा. 1953मध्ये सरकारने शुवैखला दहा लाख गॅलनचा कारखाना काढला.

पाणी तापवायचं आणि वाफ धरायची, एवढंच तंत्र. 1960मध्ये शुवैखला त्यात सुधारणा झाली. तापलेलं खारं पाणी ओळीने कमी-कमी दाबाच्या कप्प्यांतून न्यायचं. प्रत्येक कप्प्यात थोड्या पाण्याची आपोआप वाफ होते.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसला सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा तयार केला. दाब दिला की पाणी पलीकडे जातं, मीठ अडतं. उकळण्याचं इंधन वाचतं. पण दारातच तेल आणि वीजकेंद्राची वाफ असलेल्याला इंधन वाचवायची घाई कशाला? शिवाय आखाताचं पाणी इतर समुद्रांहून खारं आणि कोमट. पडदे त्यात लवकर तुंबतात. वाफेच्या कारखान्याला तेवढी कटकट नसते.

म्हणून कुवेतमध्ये पडदा मोठ्या प्रमाणावर आधी आला तो समुद्रासाठी नव्हे, सांडपाण्यासाठी. 2005च्या सुमारास सुलैबियाला शहराचं मैलापाणी आरओतून जाऊ लागलं. शुवैखला समुद्राचं पाणी पडद्यातून काढायला त्यानंतरही काही वर्षं गेली.

पडद्याचा आणखी एक शत्रू म्हणजे तेल. जानेवारी 1991मध्ये, युद्धात, मीना अल-अहमदीच्या समुद्रातल्या धक्क्यावरून कच्चं तेल आखातात सोडलं गेलं. तवंग दक्षिणेला सरकला, तेव्हा सौदीतल्या जुबैलला पाण्याच्या कारखान्यांच्या तोंडाशी तरंगते अडसर लावून लोक पहारा देत होते.