बलबल आणि कोशोक : स्मारकात नाव कुणाचे?

परंपरेतून प्रेरणा घेऊन स्मारक उभारायचे म्हटले की आम्ही आधी विचारतो, परंपरा कुणाची? राजाची की रयतेची? प्राचीन तुर्कांच्या अंत्यविधीकडेही याच नजरेने पाहायला हवे.

मंगोलियातील ओरखोन खोऱ्यात राजपुत्र कुल तेगिनची शिळा आहे. तो ७३१ साली वारला. भाऊ बिल्गे खगानने पुढच्या वर्षी लेख कोरवून ती उभारली. अशा राजस्मारकांपासून पूर्वेकडे ओबडधोबड दगडांची रांग जाते. हे बलबल. आपल्या वडिलांसाठी बाज खगान या शत्रूला 'बलबल' म्हणून उभे केल्याचे याच लेखात नोंदले आहे. म्हणजे हरलेला माणूस मेल्यावरही विजेत्याच्या दारात उभा! बाजचे नाव तरी आले, कारण तो राजा होता. बहुतेक बलबलांवर एक अक्षरही नाही.

रयतेची रीत वेगळी. किर्गिझ घरात कुणी गेले की शोकासाठी लोकरी नमद्याचा तंबू, म्हणजे युर्त, उभारतात. आत बायका कोशोक गातात: गेलेला कोण होता, कसा जगला, कुणाला पोरके करून गेला. अनेक किर्गिझ दफनभूमींत कबरीवर युर्तचा नुसता लोखंडी सांगाडा असतो. वरून आभाळ दिसते. आम्हाला ही रचना कुठल्याही संगमरवरी घुमटाहून मोलाची वाटते.

आता १९३८ कडे या. स्तालिनच्या राजवटीने नोव्हेंबरमध्ये सव्वाशेहून अधिक माणसांना गोळ्या घालून बिश्केकजवळच्या चोंग-ताश येथे जुन्या वीटभट्टीत गाडले. क्रांतीच्या नावाने चाललेली सत्ताही मारलेल्यांची नावे लपवते, हे डाव्या मित्रांनीही लक्षात ठेवावे. तिथल्या रखवालदाराने हे गुपित मरताना मुलीला सांगितले. ते उघड झाले १९९१ साली. एका मृतदेहाजवळ गोळ्यांनी भोके पडलेले आरोपपत्र सापडले: तोरेकुल ऐतमातोव. त्याचा मुलगा चिंगिझ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे तो मोठा कादंबरीकार झाला. त्याच्या १९८० च्या कादंबरीत मित्राला आना-बेयित, म्हणजे आईच्या दफनभूमीत, पुरायला निघालेल्या लोकांना तारेचे कुंपण अडवते. चोंग-ताशच्या स्मारकाचे नाव आता अता-बेयित आहे, वडिलांची दफनभूमी. २००८ साली चिंगिझलाही तिथेच पुरले.

अशा जागी आज नवे काही रचायचे तर भालाधारी योद्धे नकोत. बलबलांची रांग जरूर घ्यावी, पण उलटी करून: मारलेल्या प्रत्येकासाठी एक साधा दगड, आणि दगडावर त्याच्याच भाषेत त्याचे नाव. चोंग-ताशला मारलेले सगळे एका समाजाचे नव्हते, तेव्हा लिपीही एक असू नये. मधोमध उघड्या सांगाड्याचा युर्त असावा, आणि तो मोकळा ठेवावा. तिथे पुतळा बसवला की गाणारीला जागा उरत नाही.

१९१६ च्या उठावानंतर झारच्या सैन्यापुढे चीनकडे पळताना तिएन शानच्या खिंडींत हजारो माणसे मेली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कबरीच नाहीत. तिथे दगड लावण्याआधी घरोघर जाऊन नावे विचारावी लागतील, आणि सुरुवात कोशोक येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपासून करावी लागेल.