सेंट्रल पार्कमधील दोन आवाज

इ. स. १९८१ च्या १९ सप्टेंबरला सायंकाळीं न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कच्या विस्तीर्ण मैदानावर जो जनसमुदाय लोटला, तो पांच लाखांच्या घरांत होता, असा तेव्हांचा अंदाज होता. तिकीट नव्हतें, आणि ज्यांना ऐकण्यासाठीं ही गर्दी झाली, ते पॉल सायमन व आर्ट गार्फंकेल १९७० सालींच एकमेकांपासून दूर झाले होते.

हे दोघे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागांतील शाळासोबती. १९६४ सालीं त्यांनीं साध्या गिटारीच्या साथीवर 'द साउंड ऑफ सायलेन्स' हें गीत ध्वनिमुद्रित केलें. त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढील वर्षीं निर्माते टॉम विल्सन यांनीं दोघांस न विचारतां त्या मुद्रणावर विजेच्या गिटारीची व ड्रमची साथ चढविली, आणि १९६६ च्या जानेवारींत तें गीत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. लोकगीताची शब्दप्रधान धाटणी आणि रॉक संगीताचा ठेका यांच्या अशा मिलाफासच 'फोक-रॉक' म्हणतात. साथीचा तो प्रश्न १९८१ मध्यें पुन्हां उपस्थित झाला. गार्फंकेल यांस एकच गिटार पुरेशी वाटत होती. सायमन यांस वाद्यवृंद हवा होता. अखेर वाद्यवृंदच उभा राहिला.

कार्यक्रमामागें शहराची निकडही होती. १९७५ सालीं न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोंचलें होतें. उद्यानाची निगा राहिली नव्हती. त्या मैदानावरील हिरवळ जाऊन धूळ उरली होती. कार्यक्रमाच्या उत्पन्नांतून उद्यानाच्या दुरुस्तीस हातभार लागावा, असा हेतु होता.

त्या रात्रींचा सर्वांत कठीण क्षण एका नव्या गीताच्या वेळीं आला. १९८० च्या ८ डिसेंबरला याच उद्यानाच्या पश्चिमेस, स्वतःच्या घराच्या दारांत, जॉन लेनन यांचा गोळ्या झाडून खून झाला होता. त्या मृत्यूचा उल्लेख असलेलें गीत सायमन गात असतांना एक इसम रंगमंचावर धांवत त्यांच्या अंगावर आला. रक्षकांनीं त्यास दूर नेलें. सायमन क्षणभर मागें सरले. परंतु त्यांनीं गीत पुरें केलें. १९८२ सालीं निघालेल्या ध्वनिमुद्रिकांत मात्र तें गीत नाहीं.

पांच लाखांसमोर जुळलेले सूर पुढें टिकले नाहींत. दोघांनीं मिळून करावयाचा नवा गीतसंग्रह १९८३ सालीं एकट्या सायमन यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि गार्फंकेल यांचा मुद्रित आवाज त्यांतून काढून टाकण्यांत आला. त्या मैदानाचें पुढें नूतनीकरण झालें आणि १९९७ सालीं तें पुन्हां लोकांस खुलें झालें. ज्या धुळीवर उभें राहून लोकांनीं ते दोन आवाज एकत्र ऐकले, तेथें आज गवत आहे.