चोवीस पुस्तकं आणि चौसष्ट अध्याय

"यंदा इतकी पुस्तकं वाचणार" असं चारचौघांत जाहीर करायचं आणि मग मित्रांच्या धाकाने ते पाळायचं, हे खूळ अमेरिकेतून आलं असा आपला सर्वसाधारण समज आहे. त्याला कारणही आहे. गुडरीड्स २००७ साली सुरू झालं, आणि २०११ पासून तिथे दर जानेवारीला आपला आकडा टाकायची सोय झाली. पण मूळ कल्पना फार जुनी. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मॅकचेन नावाच्या तरुण पाद्र्याने आपल्या चर्चमधल्या लोकांसाठी एक तक्ता बनवला. रोज चार अध्याय वाचायचे, म्हणजे वर्षाअखेरीस जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा वाचून होतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मोठा बॅकलॉग फोडून रोजचे टास्क पाडून दिले. तो तक्ता आजही लोक वापरतात.

आता आपल्याकडे बघू. त्यासाठी फार लांब जायला नको, आमच्या कोडोलीपर्यंत आलात तरी पुरे. (पन्हाळा तालुका, वारणानगरला चिकटून. जोतिबाचा डोंगर इथून जवळ.)

आषाढी एकादशीला देवळात पोथी 'लावायची' आणि कार्तिकीच्या सुमारास तिची समाप्ती करायची, ही आमच्या भागातल्या गावांची जुनी पद्धत. चातुर्मास म्हणजे साधारण एकशे अठरा दिवस. कुठे हरिविजय लागे, कुठे रामविजय, कुठे पांडवप्रताप, कुठे भक्तिविजय. यातले पहिले तीन ग्रंथ एकाच माणसाचे, श्रीधरस्वामींचे. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचा हा कवी. हरिविजय १७०२ चा, अध्याय छत्तीस. पुढच्याच वर्षी रामविजय, अध्याय चाळीस. पांडवप्रताप १७१२ चा, अध्याय चौसष्ट. भक्तिविजय मात्र ताहराबादच्या महिपतींचा, १७६२ चा, अध्याय सत्तावन्न. आता गणित करा. पांडवप्रताप लावला तर दोन दिवसांत एक अध्याय जरा वर पडतो. सण, पावसाची झड, कुणाच्या घरचं सुतक यांचे खाडे धरले तरी कार्तिकीपर्यंत आरामात संपतो. अधिक महिना मध्ये आला (२०२३ साली अधिक श्रावण होता) तर मग काय, तीस दिवसांचा बफर! एस्टिमेट असावं तर असं.

ज्यांना स्प्रिंट हवी त्यांच्यासाठी सप्ताह होता, अजूनही आहे. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत. दिवसाला जवळजवळ तेराशे. मांडवात रांगा करून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात ज्ञानेश्वरी, आणि माइकवर व्यासपीठचालक. त्याच्या चालीने सगळे एका सुरात वाचतात. एकट्याला जे झेपलं नसतं ते शेजारच्याच्या आवाजावर झेपून जातं. मॅरेथॉनमध्ये पेसरच्या मागे धावतात ना, तसंच काहीसं.

देवळातल्या चातुर्मासाच्या पोथीची तऱ्हा वेगळी. तिथे वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, आणि बाकी सगळे ऐकणारे. पोथीची पानं सुटी, लाल फडक्यात बांधलेली. अध्याय अर्धा सोडायचा नाही हा कडक नियम. कृष्णजन्माचा अध्याय आला की पाळणा बांधून सुंठवडा वाटायचा, स्वयंवराचा आला की अक्षता. गंमत म्हणजे महाभारत घरात वाचलं तर भांडणं लागतात असं मानणारी माणसं देवळात पांडवप्रताप चार महिने न चुकता ऐकायची. घरातली भांडणं घरात, पांडवांची देवळात.

हे सगळं मी का उकरून काढतोय त्याला एक ताजं निमित्त आहे. आमचं आठ जणांचं टोळकं आहे. पाच पुण्यात, एक बंगळुरात, दोघं अजून गावातच. गेली चार वर्षं आम्ही पाडवा ते पाडवा असा संकल्प सोडतो. वर्षाला चोवीस पुस्तकं, त्यातली निम्मी मराठी, आणि किमान दोन गावच्या वाचनालयातून आणलेली. शेवटचा नियम गावातल्या दोघांनी घुसडला, म्हणजे त्या निमित्ताने आम्ही वर्षातून एकदा तरी गावाकडे फिरकू. नोंदीसाठी एक एक्सेल शीट. मागे राहील त्याने सगळ्यांना मिसळ चारायची.

या वर्षी बंगळूरवाल्याने सहा पुस्तकं लिहिली आणि पुढे प्रामाणिकपणे नोंदवलं, 'ऐकली'. ऑफिसला जाता-येता दोन-दोन तास तो ट्रॅफिकमध्ये असतो, तेव्हा कानात पुस्तक लावतो. पुण्यातल्या एकाने त्या सहाही ओळी लाल करून टाकल्या. त्याचं म्हणणं, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. तीन दिवस नुसती जुंपली होती. शेवटी गावातला एक जण म्हणाला, "म्हंजे देवळात चाळीस-चाळीस वर्सं पोथी ऐकली त्या म्हाताऱ्यांनी काय केलं मग? त्यांच्याबी ओळी लाल करणार काय रं?"

त्यावर मात्र सगळे गप्प झाले. मला तर माझी आजीच आठवली.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण पांडवप्रताप तिला आतून-बाहेरून पाठ म्हणावा इतका माहीत. पोथी वाचणाऱ्याच्या हातून एखादं पान चिकटून पुढचं लागलं तर ती बायकांच्या बाजूने म्हणायची, "पान सुटलं बगा दादा, मागं घ्या." आणि खरंच सुटलेलं असायचं. आता ही बाई 'वाचक' नव्हे असं मला कुणी सांगून बघावं. आमच्या आठ जणांत असा एक तरी आहे का, की ज्याला वाचलेल्या पुस्तकातलं सुटलेलं पान कळेल? पाडव्यानंतर मी निम्म्या पुस्तकांतल्या पात्रांची नावंसुद्धा सांगू शकत नाही.

इथेच थांबलो असतो तर हा लेख "जुनं ते सोनं" छापाचा झाला असता. पण आजीच्या ऐकण्याला दुसरी बाजू आहे. कोणती पोथी लावायची हे ती ठरवत नव्हती. वाचणारा आजारी पडला त्या वर्षी पोथी लागलीच नाही, आणि तिच्या हातात काही नव्हतं. माहेरहून पत्र आलं की ते घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं. म्हणजे घरातली गोष्ट आधी त्या दाराला कळणार, मग आपल्याला. बंगळूरवाला ऐकतो तेव्हा पुस्तक त्याने निवडलेलं असतं, नको वाटलं तर बंद करतो, आणि हवं तर छापील प्रत उघडून तेच पान डोळ्यांनी बघू शकतो. दोघांच्या कानांत फरक नाही, पण आजीला यातलं काहीच करता येत नव्हतं.

(वादाचा निकाल सांगून टाकतो. शीटमध्ये आता 'ऐकलं' असा वेगळा रकाना आहे आणि तो मोजला जातो. लाल रंगवाला अजून धुसफुसतोय.)

आणि आजी काही अपवाद नव्हती. १९०१ च्या जनगणनेत अख्ख्या हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम पाच-सहा जणांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांचा आकडा तर हजारात सहा-सात. म्हणजे छापखाना आला तरी पुस्तक बहुतेकांपर्यंत कानानेच पोचत होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली. गणपत कृष्णाजींनी तर त्याच्या आधीच, १८३१ मध्ये, पंचांग छापलं होतं. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथी हातात धरेनात, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असं सांगतात. हा मला फार आवडणारा किस्सा आहे. यूजरची अडचण ओळखून प्रॉडक्ट बदललं! पण तुपाची शाई सोवळ्याचा प्रश्न सोडवते, निरक्षरतेचा नाही.

तो प्रश्न आमच्या भागात दोन-तीन बाजूंनी हलला. एक बाजू मिशनची. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि पुढे ज्या गावांत त्या मिशनची ठाणी झाली त्यांत कोडोली एक. गावातलं मिशन हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं. पण प्रॉटेस्टंट मंडळींचा मूळ आग्रह असा, की ग्रंथ ज्याचा त्याने स्वतः वाचावा. मग वाचायला शिकवणं ओघाने आलंच. धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, ज्यांना पोथीच्या जवळपास फिरकू दिलं जात नव्हतं अशा घरांत या वाटेने पुस्तक हातात आलं, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. देवळात पोथी सगळ्यांसाठी असायची असं आपण सहज म्हणून जातो. 'सगळे' म्हणजे कोण, आणि कोण उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकत होतं, हे विचारलं की चेहरे बदलतात.

दुसरी बाजू शाहू महाराजांची, आणि ती फार मोठी. १९१७ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया हां! १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सर्वांबरोबर बसवायचा हुकूम निघाला. अर्थात हुकूम निघाला म्हणजे घराघरातली पोर शाळेत गेली असं होत नसतं. माझी आजी जन्मली ती यानंतर बऱ्याच वर्षांनी, तरी तिच्या वाट्याला पाटी आली नाही ती नाहीच.

पुढे १९५९ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती नंतर राज्यभर नेली. आमच्या वार्षिक संकल्पाची खरी थोरली बहीण शोधायची तर मी हिचं नाव घेईन. कारण इथे संकल्प एकट्यादुकट्याचा नव्हता, अख्ख्या गावाचा होता. गावातले सगळे प्रौढ साक्षर करायचे, दिवसभराच्या कामानंतर रात्री वर्ग भरवायचे, आणि काम पुरं झालं की ग्रामगौरव समारंभ. एक माणूस मागे राहिला तरी गाव मागे. आमच्या शीटमध्ये सात जणांनी चोवीस पूर्ण केली आणि एकाची नऊच झाली, तर आम्ही त्या एकाकडून मिसळ उकळतो. तिकडे त्या एकाच्या घरी कंदील घेऊन जावं लागत होतं. शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे वाचायला काही हाती न लागल्यामुळे शिकलेलं विसरले, हेही खरं. अशांसाठी गावोगाव पुस्तकं फिरवायचे प्रयत्न झाले, पण कंदिलाइतका उत्साह पुस्तकांच्या पेटीला मिळाला नाही.

म्हणजे घोडं अडतं ते वाचनालयापाशी. आणि इथे कोल्हापूरकराला कॉलर ताठ करायला जागा आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, आणि कोल्हापूरची नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचं करवीर नगर वाचन मंदिर, १८५० चं. हा झाला सगळ्यांना माहीत असलेला इतिहास. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा मुंबई, मद्रास, कलकत्ता यांपैकी कुणीही केला नाही. तो १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. मद्रासचा कायदा १९४८ चा. वाचायला पुस्तक मिळणं ही दात्याची मेहेरबानी नसून सरकारचं काम आहे, असं कागदावर पहिल्यांदा आमच्याकडे लिहिलं गेलं. मात्र १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो कायदाही त्याबरोबर विरून गेला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा यायला १९६७ उजाडलं. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही, सगळा कारभार अनुदानावर. अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे पैसे. राज्यात अशी अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालयं आहेत. ऐकायला भरघोस वाटतं, पण 'ड' वर्गातल्या एखाद्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला महिन्याला काय मिळतं ते एकदा विचारून बघा. विचारताना बेताने विचारा, कारण तो माणूस झाडू मारून, वर्तमानपत्रं लावून, कुलूप घालून मग दुसऱ्या कामाला जातो.

त्यामुळे गावच्या वाचनालयातून दोन पुस्तकं आणायची, हा आमच्या दोस्तांचा नियम मला सुरुवातीला भाबडा वाटायचा, आता वाटत नाही. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये एक नोंद वाढते. तपासणीला आलेला माणूस ते रजिस्टर बघतो.

या वर्षी माझ्या दोनांतला एक पांडवप्रताप आहे. जाड पुठ्ठ्याचा, पाठीला दोनदा खळ लावलेला, मागच्या कार्डावर तारखांचे शिक्के दाटीवाटीने मारलेले, शेवटचा बराच जुना. मी तो मोठ्याने वाचतोय, मनातल्या मनात ओवी चालतच नाही. सव्वीसाव्या अध्यायावर आहे. चौसष्ट अध्याय वाचूनही शीटमध्ये ते एकच पुस्तक धरलं जाणार, याबद्दल मी टोळक्यापुढे तक्रार मांडली आहे. निकाल अजून लागायचाय.