गल्लीतली बँक आणि शाखेतले कर्ज

बँकेचा माणूस दारात येणे आपल्याकडे नवे नाही. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या संस्थेने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. तिचे एजंट दारोदार फिरून रोज अगदी दोन आणेही गोळा करत.

जानेवारी २००६मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रतिनिधी नेमून लोकांशी व्यवहार करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी सच्चर समितीने नोंदवले की, काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्या असून तिथे कर्ज सहज मिळत नाही.

आज मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या गल्ल्यांत आधार क्रमांक सांगून, अंगठा लावून पैसे निघतात. मजुराचा खाडा वाचतो, बायकांची शाखेपर्यंतची पायपीट टळते. मात्र कष्टाने झिजलेला अंगठा मशीन कधी ओळखत नाही. कधी नेटवर्क नसते, कधी दुकानदाराकडे रोकड. पावती न घेणारा फसूही शकतो.

तरी माझा आक्षेप वेगळा आहे. प्रतिनिधी फार तर कर्जाचा अर्ज पुढे पाठवतो. मंजुरी बँकच देते. म्हणून ‘मशीन आले, आता शाखा कशाला?’ हे मला पटत नाही. पैसे काढता येणे ही सोय झाली. धंद्याला कर्ज मिळणे हा आपला हक्क आहे.