बर्फावरचा नाच: आधी हात धरा, मग पाय उचला

आजचा भाग जरा गार आहे, तेव्हा शाल घेऊन बसा.

गेल्या डिसेंबरात मी व्हिएन्नात होतो. शहराच्या वस्तीतलंच एक उघडं रिंक, वर आकाश, लाउडस्पीकरवर वॉल्ट्झ, आणि मी कठड्याला घट्ट चिकटलेला. सत्तरीच्या एक आजी समोर येऊन थांबल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "चला, नाचू या." अहो, इथे उभं राहायची मारामार! पण त्यांनी मला कठड्यावरून सोडवलंच. ते कसं, ते शेवटी सांगतो. तेव्हा मनात एक प्रश्न आला: बर्फावर जोडीनं नाचायचं, हे मुळात सुचलं कुणाला?

चला, एकोणिसाव्या शतकात जाऊ. तेव्हा इंग्लंडमध्ये स्केटिंग म्हणजे सभ्य गृहस्थांची कसरत. बर्फावर मधोमध एक संत्रं ठेवायचं आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून आकृत्या कोरायच्या. पाठ ताठ, गुडघा सरळ, हात शरीराला चिकटलेले. हो, खरंच संत्रं!

अमेरिकेत जॅक्सन हेन्स नावाचा एक माणूस होता. बॅलेचं अंग असलेला. तो बर्फावर हात पसरायचा, गुडघे वाकवायचा, संगीतावर डोलायचा. मायदेशी त्याची ही नाटकी शैली फारशी रुचली नाही. मग १८६०च्या दशकात तो युरोपात आला आणि पोचला व्हिएन्नात. आता योग बघा. १८६७ साली याच शहरात योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' वॉल्ट्झ पहिल्यांदा वाजला, आणि त्याच साली तिथे स्केटिंगचा क्लब स्थापन झाला. वॉल्ट्झनं वेडं झालेलं गाव आणि संगीतावर स्केटिंग करणारा माणूस! दोघांचं जमलं नसतं तरच नवल. हेन्स १८७५ मध्ये फिनलंडमध्ये वारला, पण व्हिएन्नाकर नाचतच राहिले.

या नाचामागे आणखी एक गंमत होती. त्या काळी तरुण मुलामुलींनी चारचौघांत एकमेकांचा हात धरणं सोपं नव्हतं. बर्फावर मात्र सबब तयार! हात नाही धरला तर पडायला होईल ना? मोठी माणसं काठावर बसून बघताहेत, बँड वाजतोय, आणि जोड्या गोल गोल फिरताहेत.

१८८९ मध्ये फ्रान्झ शोलरनं मार्चच्या ठेक्यावर दहा पावलांचा एक नाच बसवला. दहाच पावलं, पुन्हा पुन्हा तीच. पाठ झाली की कुणाही बरोबर नाचता येतं, अगदी आपल्या टिपऱ्यांसारखं.

अडचण एकच, ऊन. हवा जरा उबदार झाली की बर्फाचं पाणी, आणि नाच बंद. यावर उपाय काढला एडुआर्ड एंगेलमान यांनी. ते स्वतः तीन वेळा युरोपचे स्केटिंग विजेते, आणि पेशानं इंजिनिअर. जमिनीखालून गारवा देऊन त्यांनी १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या हर्नाल्स भागात उघड्यावरचं कृत्रिम बर्फाचं रिंक सुरू केलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं. त्याच वर्षी, त्याच रिंकवर, कार्ल श्रायटर यांचा 'किलियन' हा नाच पहिल्यांदा झाला. हे रिंक आजही आहे, पण आता चक्क एका इमारतीच्या गच्चीवर!

पुढे या नाचाचा खेळ झाला. १९५२ मध्ये पॅरिसला आइस डान्सची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा, १९७६ मध्ये इन्सब्रुकला ऑलिंपिक. किलियन तर कित्येक दशकं स्पर्धेतल्या सक्तीच्या नाचांत होता. म्हणजे बघा, संध्याकाळची मजा म्हणून जन्मलेला नाच, आणि त्यालाच सक्ती आणि गुण! आज आपण टीव्हीवर ते झगमगीत कपडे बघतो आणि वाटतं, हे आपलं काम नव्हे. पण जन्माला आला तेव्हा तो तुमच्या-माझ्यासारख्यांचाच होता.

आता आजींकडे परत येऊ. त्यांनी मला शेजारी उभं केलं, त्या माझ्या उजवीकडे, दोघांची तोंडं पुढे. माझा उजवा हात त्यांच्या पाठीमागून कमरेपाशी, डावे हात समोर एकमेकांत. ही किलियनची पकड. आपल्या फुगडीत दोघं मागे कलून एकमेकींना ओढतात, त्या ताणावरच तोल राहतो. मीही तसंच ओढायला लागलो! आजी म्हणाल्या, "ओढू नका, फक्त सोबत या."

चार पावलं जमली, पाचव्याला बसलो. पण ती चार पावलं मी नाचलो, मंडळी! दीडशे वर्षांपूर्वी कुणी गुण देत नव्हतं, तेव्हा लोक नाचायचे ना, तसाच.

भेटू पुढच्या भागात. तोवर कठडा सोडून बघा.