येणाऱ्याचा ठावठिकाणा

झाशीच्या किल्ल्याच्या तटावरून सभोवार पाहिले म्हणजे शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्या नजरेत भरतात. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला, तेव्हा यांपैकी एका टेकडीवर त्याने पहारा बसविला होता. उत्तरेच्या व पूर्वेच्या वाटांवर नजर ठेवावयाची आणि काही हालचाल दिसताच निशाणांच्या खुणांनी छावणीस कळवावयाचे, एवढेच त्या पहाऱ्याचे काम. ३१ मार्च रोजी निशाण चढले. उत्तरेकडून मोठे सैन्य येत होते. ते राणीच्या साहाय्यास निघालेले तात्या टोप्यांचे सुमारे वीस हजारांचे सैन्य.

त्या रात्री तात्यांनी एक मोठा जाळ पेटविला. आपण आलो आहोत हे वेढ्यात सापडलेल्यांना कळावे, हा त्यातील हेतू. किल्ल्यावरून तोफांनी त्यास आनंदाने उत्तर दिले. परंतु जाळ मित्राला दिसतो तसा शत्रूलाही दिसतो. रोजने वेढा न उठविता सुमारे दीड हजार माणसे वेगळी काढली आणि १ एप्रिलला बेतवेच्या लढाईत तात्यांना माघार घ्यावी लागली. ३ तारखेस शहरावर हल्ला झाला. पुढची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोडसे भटजी त्या दिवसांत याच शहरात होते.

येणाऱ्याचा ठावठिकाणा कळण्याचे असे दोन मार्ग. एक, टेकडीवरच्या पहारेकऱ्याने त्याला पाहणे. दुसरा, येणाऱ्याने स्वतःच जाळ पेटवून सांगणे. विमानांच्या बाबतीतही इतिहास याच दोन मार्गांनी चालत आला आहे.

रडार हा टेकडीवरचा पहारेकरी. तो लहरी पाठवितो आणि विमानावर आपटून परतलेल्या लहरींवरून अंतर व दिशा ओळखतो. मात्र जुन्या पद्धतीच्या रडारला विमानाची उंची कळत नसे. ती वैमानिकाने तोंडी सांगावयाची. या उणिवेची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीकडे उतरत असलेले कझाकस्तानचे विमान यांची हरियाणातील चरखी दादरीजवळ आकाशात टक्कर झाली. एकास १४ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती, दुसऱ्यास १५ हजारांवर. दुसरे विमान त्या पातळीखाली उतरले आणि दिल्लीच्या पडद्यावर ते दिसण्याची सोय नव्हती. दोन्ही विमानांतील मिळून ३४९ माणसे गेली. कोणीही वाचले नाही. त्यानंतर टक्कर टाळणारे यंत्र विमानात सक्तीचे झाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले.

दुसऱ्या मार्गाचे नाव एडीएस-बी. यात विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान स्वतः काढते आणि ते उंची, वेग व ओळख यांसह सेकंदास साधारण दोनदा रेडिओवरून चहूकडे सांगत सुटते. हे सांगणे सांकेतिक भाषेत नसते. ज्याच्याजवळ लहानसे ग्राहकयंत्र आणि गच्चीवर अँटेना असेल त्याला ते ऐकू येते. विमान पुरेसे उंच असेल तर सुमारे ४०० किलोमीटरवरूनही.

या उघडेपणावर एक व्यवसाय उभा राहिला. स्वीडनमधील दोन विमानवेड्या गृहस्थांनी २००६ साली अशी काही यंत्रे मांडली. हेतू इतकाच, की त्यांच्या विमानभाड्यांच्या तुलनेच्या धंद्याकडे लोकांचे लक्ष जावे. पुढे मूळ धंदा मागे पडला आणि जाहिरातच नावारूपास आली! तीच फ्लाइटरडार२४ ही कंपनी. २००९ मध्ये तिने कोणासही आपले यंत्र जोडण्याची मुभा दिली. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीने युरोपचे आकाश रिकामे केले, ते रिकामेपण लोकांनी तिच्याच नकाशावर पाहिले. आज पन्नास हजारांहून अधिक ग्राहकयंत्रे तिला जोडलेली आहेत, आणि त्यांपैकी बरीचशी हौशी माणसांच्या घरांवर आहेत. त्यांना मोबदला म्हणून कंपनीची सेवा विनामूल्य मिळते; कंपनी तीच माहिती विमान कंपन्यांना व विमानतळांना विकते. हा सौदा कोणाच्या अधिक फायद्याचा, हे ज्याने त्याने ठरवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांची शवपेटिका एडिंबरोहून नेणारे विमान जवळजवळ पन्नास लाख लोकांनी या नकाशावर पाहिले.

तंत्रही सुधारत गेले. जे विमान आपले स्थान सांगत नाही, त्याची हाक चार ठिकाणी किती क्षणांच्या अंतराने पोहोचली यावरून त्याची जागा गणिताने काढता येते. समुद्रावर मात्र यंत्र कोठे ठेवणार? ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून निघालेले मलेशियाचे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. त्याच्या यंत्राची हाक थांबली आणि नकाशावरची रेघ तेथेच तुटली. २०१९ पासून उपग्रहांवरील यंत्रेही ही हाक ऐकू लागली आहेत. तरी जे बोलतच नाही त्याला उपग्रह तरी काय ऐकणार?

आणि जे खोटे बोलते त्याचे काय? उपग्रहांचे संकेत कोणी बिघडविले, तर विमान प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगत राहते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमाभागात, विशेषतः अमृतसर व जम्मूच्या परिसरात, असे ४६५ प्रकार घडल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. म्हणून टेकडीवरचा पहारेकरी, म्हणजे रडार, कोणत्याही शहाण्या देशाने निवृत्त केलेला नाही.

झाशीहून प्रवासी विमान सुटत नाही. पण दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या विमानांचे दिवे रात्री या शहराच्या आकाशात दिसतात. मी कधीकधी मोबाइलच्या नकाशावर त्यांची नावे पाहतो: हे नागपूरचे, हे विशाखापट्टणमचे. खाली बेतवा अंधारात असते, आणि तो दिवा दक्षिणेकडे सरकत दतियाची बाजू सोडून ललितपूरकडे निघालेला असतो.